विद्यार्थी ताइको गटाची स्वतःची रचना: सभागृहात आवाज गढूळ होतो, काय बदलू?

लयशोधक
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात आमचा ताइको (जपानी ढोल) वाजवणारा गट आहे. पाच मिनिटांची नवी रचना बांधतोय. वादक दहा: तिरप्या स्टँडवर सहा चू-दाइको (मधल्या आकाराचे ढोल), दोन शिमे-दाइको (लहान, ताणलेल्या कातड्याचे), एक ओ-दाइको (सगळ्यात मोठा), एक चाप्पा (झांज). लय मिनिटाला 140. मुख्य तुकडा सगळ्यांनी मिळून चौपटीत (मात्रेला चार आघात) वाजवायचा, असं ठरलंय. तालमीच्या खोलीत ठीक वाटतं; सभागृहात मात्र बोल वेगळे ऐकू येत नाहीत आणि दोन्ही टोकांचे वादक एकमेकांपासून सुटतात. शेवटी तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येणं) घ्यायचंही मनात आहे. या वाद्यांवर ती शोभेल का?

घुमारा
गढूळपणाचं मूळ वाटणीत आहे. 140 च्या लयीत चौपटीतले दोन आघात फक्त 107 मिलिसेकंदांच्या अंतराने येतात. चू-दाइकोचा घुमारा तेवढ्यात विरत नाही, त्यात सहा वाद्यं एकदम आणि वर सभागृहाची गुंज. मग बोल कुठून सुटे ऐकू येणार? चौपट शिमेला द्या. तिचं कातडं ताणलेलं, आवाज आखूड, त्यामुळे ‘तेरेतेरे’ हे तिचे जलद बोल स्वच्छ पोचतात. चू-दाइकोंनी त्याच ओळीतले आधाराचे आघात तेवढे घ्यावेत: ‘डोन, सु, डोन, डोको’ (‘डोन’ म्हणजे एक आघात, ‘डोको’ म्हणजे मात्रेत दोन, ‘सु’ म्हणजे रिकामी जागा). यातलं ‘सु’ मोकळं सोडायचं, तिथे कुणीही काही भरायचं नाही. ओ-दाइकोला दोन आवर्तनांत एखादा आघात पुरतो.

निरनिराळ्या आकाराचे ताइको एकत्र मांडून वाजवायची आजची रीत 1951 पासूनची. जपानच्या सुवा भागातल्या ओगुची दाइहाची यांनी ती रुजवली. ते जॅझमधले ड्रमवादक होते. शिमेने पायाची लय धरायची, मोठ्या ढोलाने खर्ज द्यायचा, मधल्यांनी मुख्य बोल म्हणायचे, ही कामाची वाटणी त्या रीतीचा गाभाच आहे. सगळ्यांनी सगळं वाजवलं की ती वाटणीच उरत नाही. एकत्र वादन जरूर ठेवा, पण दुपटीपर्यंतच आणि एकदोन जागीच. तिथे ते अंगावर येतं.

आता टोकं सुटण्याबद्दल. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. रंगमंचावर दोघांत 10 मीटर अंतर असेल, तर एकाचा आघात दुसऱ्याला 29 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. कानावर विसंबलेला टोकाचा वादक मागे पडणारच. म्हणून दोन्ही शिमे मागे मधोमध ठेवा, म्हणजे दोन्ही टोकांना सारखंच अंतर पडतं. आघात जुळवायला मात्र पुढच्या मुख्य वादकाचा बाची (वाजवायची काठी) धरलेला हात बघायचा. वाटलं तर सुरुवातीच्या तालमी कानात बोळे घालून घ्या. हात बघायची सवय लवकर लागते.

जि (शिमेची पायाची लय) धरणाऱ्यांनी मध्येच हरकती घेऊ नयेत. ढोल-ताशा पथकातून आलेल्यांना हे जड जातं, कारण तिथे ताशा इशारा देतो आणि हात बदलायला लावतो. इथे जि बदलली की वरचे सगळे डगमगतात.

एक राहिलं. हालचाली शेवटी बसवा. 140 ला एक मात्रा 0.43 सेकंदांची. हात पूर्ण वर नेऊन आणायला निदान तेवढा वेळ लागतोच, म्हणून मोठा हात अशाच जागी घ्या जिथे पुढची मात्रा पूर्ण रिकामी आहे. ‘डोको’च्या आधी हात डोक्यावर गेला की तो ‘डो’ उशिरा पडणार, कितीही सराव करा.

समेवर
तिहाई शोभेल, हिशेब मात्र चोख हवा. 16 मात्रांचं आवर्तन धरा. पाच मात्रांचा तुकडा: ‘डोन डोको डोन डोको डोन’. मग एक मात्रा रिकामी. असं तीनदा, दोन रिकाम्या जागा धरून 17 मात्रा. पहिल्या मात्रेवर उचललंत की शेवटचा ‘डोन’ थेट पुढच्या समेवर येतो.

बिघडतं ते त्या रिकाम्या मात्रेत. जोश चढलेला असतो, कुणीतरी तिथे ‘हा!’ असा काकेगोए (वादकाची आरोळी) टाकतं, मात्रा आखडते आणि तिसरा तुकडा समेआधीच संपतो. ओरडायचंच असेल तर तिहाईच्या आधीच्या आवर्तनात ओरडा. आतल्या दोन्ही जागी बाची हवेत स्थिर ठेवा. शिमेची जिसुद्धा तिहाईभर थांबवा, नाहीतर त्या रिकाम्या जागा श्रोत्याला कळतच नाहीत. तिन्ही तुकडे एकाच जोरात नकोत. पहिला बाची कातड्यापासून वीतभर उचलून, दुसरा खांद्यापर्यंत, तिसरा पूर्ण हाताने. जोर वाढवताना लय पळते, तेव्हा या तुकड्याचा सराव मेट्रोनोम लावून आणि तोंडाने बोल म्हणतच करा.

लयशोधक
फार उपयोगाचं. मधल्या भागात मियाके पद्धतीचा एखादा तुकडा घेतला तर चालेल?

घुमारा
तो मियाके बेटावरच्या कामित्सुकीच्या उत्सवातला वारसा आहे, आणि शिकवणारी माणसं आजही आहेत. त्यांच्याकडे रीतसर शिकून, विचारून, कार्यक्रमपत्रिकेत नाव देऊन घ्या. व्हिडिओ बघून तुकडा उचलून ‘आमची रचना’ म्हणू नका. खाली बसकण मारून, ताइको आडवा ठेवून वाजवायची कल्पना आवडली असेल, तर त्या बैठकीला साजेसे बोल स्वतः बांधा. शिवाय तिरप्या स्टँडवरून त्या बैठकीत जायला वेळ लागतो. तेवढा वेळ फक्त शिमे आणि चाप्पावर काढावा लागेल, तो आत्ताच मोजून ठेवा.

पाटीपेन्सिल
विद्यार्थी गटातली माणसं दर वर्षी बदलतात. अमेरिकेतले जुने विद्यार्थी गट म्हणजे 1990 चा यूसीएलए विद्यापीठाचा (लॉस एंजेलिस) क्योदो ताइको आणि 1992 चा स्टॅनफर्ड ताइको. इतकी वर्षं नव्या मुलांच्या हाती रचना सोपवत आलेत. तुमची रचनाही पुढच्या तुकडीला वाजवता यावी म्हणून आत्ताच बोल लिहून ठेवा. प्रत्येक मात्रेला एक चौकट, वाद्यागणिक वेगळी ओळ, आघाताखाली उजवा-डावा हात. 140 ला पाच मिनिटं म्हणजे 700 मात्रा. चारचारच्या 175 ओळींत बसतात. प्रत्येक वाद्याचं वेगळं ध्वनिमुद्रणही करा. आणि शिकण्यासाठीचा व्हिडिओ वादकांच्या पाठीमागून घ्या. समोरून घेतलेल्यात डावं-उजवं उलट दिसतं आणि नवा मुलगा हात उलटे शिकतो.