क्वीनची ती २१ मिनिटं: खरंच एवढी भारी, की सिनेमाने चढवलेली?

डेसिबल: रॉकमधला अविस्मरणीय क्षण विचारला की हल्ली जो तो १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, लाइव्ह एड या मदतनिधी मैफलीतला ब्रिटिश बँड क्वीन, एवढंच सांगतो. वाजवलं छानच. पण फुटलेला बँड ऐनवेळी एकत्र आला, गायक फ्रेडी मर्क्युरीने साथीदारांना आजार सांगितला, ही सगळी २०१८च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सिनेमाची करामत. बँड फुटला नव्हता, मे महिन्यात जपानात दौरा चालू होता. एड्सचं निदानही त्यानंतरचं, बहुधा १९८७चं. प्रेक्षकांना रडवायला तारखा फिरवल्या, दुसरं काय! खरा क्षण १९६५चा, अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवातला. लोकसंगीत गाणाऱ्या बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार घेतली, लोकांनी हुर्यो उडवली आणि पुढचं संगीतच बदललं. क्वीनमुळे काय बदललं?

तिसरीघंटा: सिनेमा राहू दे, मूळ रेकॉर्डिंग बघ. संध्याकाळचे पावणेसात, लख्ख उजेड, म्हणजे लाइट्सची जादू चालणारच नाही. तरी 'रेडिओ गा गा'ला ७२ हजारांच्या स्टेडियममध्ये मागच्या रांगेपर्यंत हात एकदम वर जातात. मग फ्रेडी एकटा पुढे येऊन 'एऽऽओ' म्हणतो, पब्लिक परत देतं, तो सूर आणखी ताणतो, पब्लिक तोही देतं. साथीला कुणी नाही! आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणं त्यातल्या ऑपेराच्या भागाआधीच सोडलं, कारण वेळ मोजका. त्याच दिवशी यू२ बँडचा गायक बोनो खाली उतरून प्रेक्षकांतल्या मुलीबरोबर नाचला, 'बॅड' हे गाणं लांबलं आणि 'प्राइड' वाजवायचं राहूनच गेलं. क्वीनने लंडनच्या शॉ थिएटरात घड्याळ लावून तालीम केली होती.

डेसिबल: घड्याळ लावून? मग झालंच की. बोनोचा तो गोंधळ मला जास्त रॉक वाटतो.

खर्ज: एक गोष्ट दोघेही टाळताय. नऊ महिने आधी, ऑक्टोबर १९८४ मध्ये, हाच बँड सांस्कृतिक बहिष्कार मोडून वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला वाजवून आला होता. ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनने दंडही ठोकला. लाइव्ह एड इथिओपियाच्या दुष्काळासाठी होतं म्हणून ते सगळं धुऊन निघालं का?

तिसरीघंटा: सन सिटीचं समर्थन मी करणार नाही. पण म्हणून एऽऽओ बेसूर होत नाही.

पाचगणीकर: आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी हो फ्रेडी! शाळेच्या हेक्टिक्स बँडमध्ये पियानोवर असायचा. वेम्बलीला सुरुवात पियानोवरच केली, हेही लक्षात घ्या.

खर्ज: आलेच पाचगणीवाले! आणि डेसिबल, न्यूपोर्टला हुर्यो इलेक्ट्रिकमुळे, खराब आवाजामुळे की तीनच गाण्यांत आटोपतं घेतल्यामुळे, यावर तिथे हजर असलेल्यांचंही एकमत नाही. दंतकथा तुझ्याकडेही आहेच की.

डेसिबल: असेल. पण माझ्या दंतकथेवर अजून भांडणं होतात, तुमच्या क्वीनवर नुसत्या टाळ्या पडतात.