हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) बरेच दिवस उभी राहणार असेल तर लहान बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच ठेवा, पाच मिनिटं चालू करून काही होत नाही

गंगापूररोडकर
मंडळी, स्पष्टच लिहितो. लेकीच्या बाळंतपणाला आम्ही बंगळुरूला २६ दिवस होतो, गाडी सोसायटीच्या बेसमेंटला उभी. आलो, रिमोट दाबला तर काहीच नाही. रिमोटच्या पोटात छोटी चावी असते ती काढून दार उघडलं, ब्रेक दाबून बटण दाबलं तर डॅशबोर्ड एकदा मिणमिणला, आतून टकटकटक असा आवाज आला आणि सगळं गार. लहान १२ व्होल्टच्या बॅटरीला मीटर लावला, ९ व्होल्ट. मोटर चालवणारी मोठी बॅटरी चांगली भरलेली होती बरं का. इंजिन फिरवायचं काम तिचंच, पण तिला जोडणारे रिले आणि गाडीतले कॉम्प्युटर चालतात लहान १२ व्होल्टवर, ती बसली की मोठीचा काही उपयोग नाही. गाडी घेताना हे कोणी एका शब्दाने सांगितलं नाही याचा मला खरंच राग आहे.

हिशेब सोपा आहे. बंद गाडीत अलार्म, रिमोटचा रिसीव्हर वगैरे मिळून ३० मिलीअँपिअर धरा, म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर, २६ दिवसांत जवळपास १९. लहान बॅटरी ४० अँपिअर-अवरच्या आसपासची, त्यात नाशिकचे तीन उन्हाळे काढलेली, उष्णतेने तिची ताकद आधीच कमी झालेली. त्यामुळे माझं मत पक्कं झालंय, दोन आठवड्यांच्या वर जाणार असाल तर १० नंबरचा पाना घ्या आणि निगेटिव्ह सोडवून ठेवा.

मनीषा_इंदिरानगर
काका, त्रास झाला ते कळतंय पण हा सल्ला सरसकट देऊ नका. आमच्या गाडीत लहान बॅटरी डिकीत आहे आणि डिकीचं लॉक विजेवर चालतं. निगेटिव्ह काढून डिकी लावली की मग मागची सीट पाडून आत रांगत जायचं का, माझ्या सासऱ्यांना ते जमणार आहे का? वरून अलार्म बंद, घड्याळ गेलं, काचांची ऑटो सेटिंग गेली. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा कोणीतरी गाडी बाहेर काढा. आम्ही गावाला गेलो की माझा भाऊ त्र्यंबकला जाऊन येतो, दर्शनही होतं आणि बॅटरीही भरते. अगदीच कोणी चालवणारं नसेल तर मोकळ्या जागेत तासभर रेडीवर ठेवायची, म्हणजे ब्रेक दाबून बटण दाबायचं आणि गाडी निघायला तयार अशी चालू ठेवायची. पण रेडीच हं, ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबलं तर गाणी लागतात, पंखा लागतो आणि वाटतं गाडी चालू आहे, प्रत्यक्षात लहान बॅटरी आणखी उतरत असते. गिअर पीमध्येच ठेवा, एनमध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही.

अंबड_वायरमन
दोघांचंही बरोबर असेल पण आधी गाडी किती करंट खाते ते बघा ना. माझ्याकडे एक गाडी आली, आठवड्याला बॅटरी डाऊन, मालक दोन बॅटऱ्या बदलून बसलेला. निघालं काय तर बाहेरून बसवलेला डॅशकॅम, पार्किंग मोडवर चोवीस तास चालू, पाव अँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-अवर. त्याच्यापुढे कुठली बॅटरी टिकणार! आणि बंगलेवाल्यांनो, चावी गाडीला लागून असलेल्या भिंतीवर टांगू नका, स्मार्ट की जवळ असली की बऱ्याच गाड्या झोपतच नाहीत, सारख्या तिच्याशी बोलत बसतात. आणखी एक, डिकीतली किंवा सीटखालची बॅटरी बदलताना स्वस्तातली साधी अॅसिडवाली टाकून घेऊ नका, तिथे गॅस बाहेर न टाकणारी किंवा गॅसची नळी बाहेर काढलेलीच लागते, तुम्ही त्याच हवेत बसता.

निफाडचा_बागायतदार
मनीषाताई, दर आठवड्याला त्र्यंबक तुम्हाला जमत असेल. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चला द्राक्षाची काढणी चालू असते, तेव्हा सगळी पळापळ पिकअपवर, कार शेडमध्ये, घरात कोणाला जेवायला वेळ नसतो तर कार कोण फिरवणार. मी ऑटो कट-ऑफवाला छोटा चार्जर लावून ठेवतो, बॅटरी भरली की तो आपोआप थांबतो. दोन सीझन झाले, अडचण नाही. काकांचा पाना नको आणि तुमची फेरीपण नको.

मनीषा_इंदिरानगर
दादा, तुमच्याकडे शेडमध्ये प्लग आहे. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगला प्लग मागितला तर सेक्रेटरी मीटिंग लावतील. फ्लॅटवाल्यांना फेरी हाच उपाय.

गंगापूररोडकर
मनीषा, डिकीचा मुद्दा मान्य, माझी बॅटरी बॉनेटखाली आहे म्हणून लक्षात आलं नाही. बॉनेट केबलने उघडतं, बॅटरी मेली तरी. बाकी मत तेच, कारण जिथे चालवणारं माणूस नाही आणि प्लगही नाही तिथे काय करायचं? शेजारचा पोरगा येऊन पाच मिनिटं चालू करतो, तेवढ्याने काय भरणार. आणि बंद गॅरेजमध्ये तासभर रेडीवर कुणीही ठेवू नका, मध्येच इंजिन आपोआप चालू होतं, त्याचा धूर जीव घेईल.

निफाडचा_बागायतदार
एक विचारायचं राहिलं. परवा ट्रॅक्टर सेल्फ घेईना, कारवरून जंपर लावणारच होतो, मुलाने थांबवलं. लावला असता तर?

अंबड_वायरमन
भाऊ, मुलाचं ऐकलंत ते फार चांगलं केलं. डिझेलचा सेल्फ शेकडो अँपिअर मागतो, हायब्रिडची लहान बॅटरी आणि तिला चार्ज करणारा कन्व्हर्टर त्यासाठी बनवलेलेच नाहीत. तुमची गाडी दुसऱ्यावरून चालू करायला हरकत नाही, पण लाल-काळं दोनदा बघून, उलटं लागलं तर फ्यूजवर भागत नाही. ट्रॅक्टरला पिकअपवरून लावा.