डॉक्सिसायक्लिन आणि कर्करोगाच्या मूलपेशी: आशा किती धरावी?

रत्नदुर्ग:
माझ्या ताईच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झाली आहे. लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून आमच्या कोकणात पावसाळ्यात डॉक्सिसायक्लिनची जी गोळी दिली जाते, तीच कर्करोगाच्या मूलपेशींनाही मारते, असे वाचल्यापासून ताई ती रोज घ्यायची म्हणते आहे. जिवाणूंवरचे औषध आपल्याच शरीरातील पेशींवर कसे काय चालते, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

पेशीवाचक:
यामागे ठोस तर्क आहे. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका मुळात प्राचीन जिवाणूंपासून उत्पन्न झाल्या असून त्यांचे रायबोसोम (प्रथिने तयार करणारे सूक्ष्म घटक) आजही जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते आहेत. त्यामुळे जिवाणूंमधील प्रथिननिर्मिती रोखणारे हे प्रतिजैविक तंतुकणिकांतील प्रथिननिर्मितीही मंदावते, आणि ज्या १३ प्रथिनांची माहिती तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएमध्ये असते, ती ऊर्जानिर्मितीसाठी कमी पडू लागतात. केमोथेरपीतून तगून पुन्हा गाठ उभी करणाऱ्या मूलपेशी बऱ्याचदा याच ऊर्जेवर जगतात. मायकल लिसांती आणि फेडेरिका सोत्जिया यांच्या मँचेस्टरमधील गटाने २०१५ मध्ये ८ प्रकारच्या कर्करोगांच्या पेशींवर अशी औषधे वापरून पाहिली, तेव्हा मूलपेशींची वाढ खुंटली. मात्र हे सारे प्रयोगशाळेतील बशीत घडले.

शुश्रूषा:
रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास इटलीतील पिसा येथे झाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी १४ दिवस रोज २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिले. ६ जणांना दिले नाही. ९ पैकी ८ जणांच्या गाठीत सीडी४४ ही मूलपेशींची खूण सुमारे १८ ते ६७ टक्क्यांनी घटली. मला हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो, पण त्यात मोजली ती खूण. रोग उलटला की नाही, आयुष्य वाढले की नाही, हे मोजलेले नाही. शिवाय त्या रुग्णांची गाठ अजून शरीरात होती, आपल्या ताईंची काढून झाली आहे. लिसांती आणि सोत्जिया यांच्याच गटाला असेही आढळले की डॉक्सिसायक्लिनला दाद न देणाऱ्या पेशी ऊर्जेसाठी ग्लुकोजच्या विघटनाकडे वळतात. म्हणजे एकट्या गोळीवर भिस्त ठेवता येत नाही. ताई कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या घेत असतील, तर त्यांच्यासोबत घेतलेले डॉक्सिसायक्लिन नीट शोषले जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पेशीवाचक:
सॅलिनोमायसिनचेही नाव आपल्या वाचनात येईल. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १६,००० रसायने तपासताना ते मूलपेशींवर प्रभावी ठरले होते, परंतु ते कोंबड्यांच्या खाद्यात घालायचे औषध असून माणसाला विषारी आहे. ते कुठून मिळवून घेण्याचा विचारही करू नये.

रत्नदुर्ग:
ताई रोज कॅल्शियम घेते, पण ही बाब आम्हाला कोणी सांगितली नव्हती. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. तोवर तिने गोळी सुरू करायची नाही असे ठरले असून पिसाच्या अभ्यासाबद्दल, तसेच अशी एखादी चाचणी आपल्याकडे चालू आहे का याबद्दल तिच्या डॉक्टरांनाच विचारणार आहोत.