हौशी म्हणून हलकं लेखू नका

स्टार ट्रेक या अंतराळावरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या फॅन फिल्म्स, म्हणजे चाहत्यांनी हौसेने बनवलेले भाग, हा नुसता पोशाख घालून केलेला खेळ आहे असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. 'न्यू व्हॉयेजेस' या चाहत्यांच्या मालिकेचा २००७ मधला 'वर्ल्ड इनफ अँड टाइम' हा भाग जरूर बघा. मूळ मालिकेत सुलू हे पात्र करणारे जॉर्ज टाकेई त्यात पुन्हा सुलू म्हणून उभे राहिले आणि पुढच्या वर्षी त्या भागाला विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराचं नामांकन मिळालं! 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' या दुसऱ्या फॅन मालिकेत तर स्कॉटीची भूमिका मूळ स्कॉटी, म्हणजे जेम्स डूहान, यांच्या मुलानेच केली, आणि काय जीव ओतून केली आहे.

'ॲक्सनार' या फॅन फिल्मवर खटला भरल्यानंतर २०१६ मध्ये स्टार ट्रेकचे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट या कंपन्यांनी फॅन फिल्म्ससाठी नियम आणले: एक भाग १५ मिनिटांचा, गोष्ट फार तर दोन भागांची, वर्गणी ५०,००० डॉलरपर्यंत. पैशाची मर्यादा मी समजू शकतो, हक्क शेवटी त्यांचेच. पण वेळेची मर्यादा मला खरंच जाचक वाटते. अर्ध्या तासात नवं जग, त्यातला पेच आणि कॅप्टनची घालमेल बसवायची कशी? शिवाय पूर्वी अधिकृत स्टार ट्रेक मालिकांत काम केलेल्या कलाकारांनाही मनाई. म्हणजे टाकेईंचा तो भाग आज बनूच शकला नसता.