घरच्या पाइप ऑर्गनसाठी सॅम्पल सेट: कोरडा घ्यावा की घुमणारा?

नादवेडा (ठाणे)

घरी रोज बसून वाजवणाऱ्याने पहिला सेट कॅथीड्रलच्या घुमाराने भरलेला घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कोरडा घ्यावा, म्हणजे नळ्यांच्या जवळ माइक लावून मुद्रित केलेला. आणि लहान घ्यावा. वीस-पंचवीस स्टॉप (एकेका आवाजाच्या नळ्यांच्या रांगा) अनेक वर्षं पुरतात.

विषय नवा असलेल्यांसाठी थोडक्यात: चर्चमधल्या खऱ्या ऑर्गनची एकेक नळी वेगळी मुद्रित करतात, पट्टी दाबल्यापासून ती सोडल्यावर घुमार पूर्ण विरेपर्यंत. या सगळ्या तुकड्यांचा संच म्हणजे सॅम्पल सेट. तो हाउप्टवेर्क किंवा ग्रँडऑर्ग यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा, मिडी कीबोर्ड आणि पेडलबोर्ड जोडायचे आणि वाजवायचं. (संगीत नाटकातला ऑर्गन निराळा. त्यात पितळी सूर असतात, नळ्या नसतात.)

आता मुद्दा. बाखच्या सहा ट्रायो सोनाटा घ्या, त्याच्या रचनांच्या सूचीतले (बीडब्ल्यूव्ही) क्रमांक ५२५ ते ५३०. उजवा हात एका मॅन्युअलवर (हातांच्या कीबोर्डवर), डावा दुसऱ्यावर, पाय पेडलवर. तीन स्वतंत्र ओळी, लपायला जागाच नाही. पाइप ऑर्गनमध्ये पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही. वादकाच्या ताब्यात असतं ते इतकंच की सूर कधी लागला आणि कधी सुटला. पाच-सहा सेकंदांचा घुमार नेमका हाच सुटण्याचा क्षण झाकून टाकतो. बोट उशिरा उचललं गेलं, दोन सूर एकमेकांवर चढले, तरी कानाला सगळं भव्यच वाटतं. अशा सेटवर केलेला रियाज हात बिघडवतो.

शिवाय ३२ फुटी, म्हणजे सुमारे ३२ फूट लांब नळीपासून सुरू होणाऱ्या, स्टॉपचा सर्वांत खालचा सी सुमारे १६ हर्ट्झचा असतो. फ्लॅटमधल्या स्पीकरांतून तो निघतच नाही, आणि निघाला तर खालच्या मजल्यावरचे वर येतील. रॉटरडॅमच्या लाउरेन्सकेर्क चर्चमधला मार्कुसेन कंपनीचा १९७३ चा ऑर्गन ८५ स्टॉपचा आहे. तो सेट पूर्ण उघडायचा तर आधी संगणकाच्या मेमरीवर खर्च करा. तेच पैसे चांगल्या पेडलबोर्डवर घालावेत.

मीरा_उत्रेख्त

नादवेडा, तुमचा लेख मनापासून आहे, म्हणूनच सविस्तर विरोध करते.

ऑर्गन हे खोलीत आणून ठेवलेलं वाद्य नाही. तो एका इमारतीसाठी बांधतात आणि बांधणारा त्याच इमारतीत बसून एकेका नळीला आवाज देतो. नेदरलँड्समधल्या झ्वॉलेच्या मिखाएलस्केर्क चर्चमधला ऑर्गन प्रसिद्ध ऑर्गनकार आर्प श्निट्गरच्या मुलांनी १७२१ मध्ये पुरा केला. चार मॅन्युअल, ६४ स्टॉप. त्याचा रुखपोझिटीफ हा नळ्यांचा विभाग वादकाच्या पाठीमागे, गॅलरीच्या कठड्यावर आहे, आणि बाकीचे विभाग समोर आणि डोक्यावर. प्रत्येक विभागाचा चर्चशी संबंध वेगळा, त्यामुळे प्रत्येकाचा घुमारही वेगळा. घुमारासकट घेतलेल्या सेटमध्ये हे सगळं नळीगणिक शिल्लक राहतं.

कोरडा सेट घेणारा पुढे काय करतो? त्यावर कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब (सॉफ्टवेअरने दिलेला घुमार) चढवतो. म्हणजे बऱ्याचदा एका जागेवरून टिपलेला एकच घुमार सगळ्या नळ्यांना सारखा. पाठीमागचा रुखपोझिटीफ आणि वरचा बोव्हनवेर्क, दोन्ही एकाच भोकातून आल्यासारखे ऐकू येतात. चांगल्या हेडफोनवर हा फरक लगेच कळतो, आणि फ्लॅटमध्ये आपण बहुतेक वेळा हेडफोनच लावतो ना?

रियाजाबद्दल तर माझं मत नेमकं उलट आहे. मोठ्या चर्चमध्ये वाजवणारा माणूस इमारत काय परत देते ते ऐकून पुढचा सूर ठेवतो. सूर किती तोकडा सोडायचा, विराम किती लांबवायचा, लय कुठे सैल करायची, हे घुमारच ठरवतो. कोरड्यात घडलेला हात पहिल्यांदा खऱ्या चर्चमध्ये गेला की घाईत वाजवतो. फ्रान्समधल्या कां शहराच्या सेंत-एत्येन चर्चमधला, ऑर्गनकार काव्हाये-कोलचा १८८५ चा ऑर्गन कोरडा ऐकायचा म्हणजे फ्रांक आणि विदोर या फ्रेंच संगीतकारांच्या संगीतातला अर्धा श्वास काढून घ्यायचा.

नगरी_उपासक

मीराताई आणि नादवेडादादा, तुम्ही दोघं मैफलीच्या संगीताबद्दल बोलताय. मी रविवारी उपासनेत वाजवतो आणि घरी त्याचीच तयारी करतो. आमच्याकडे ओवी-अभंगांच्या चालीची भजनं पेटी-तबल्यावर होतात आणि पाश्चात्त्य चालींची गीतं चार आवाजांत कीबोर्डवर. या दुसऱ्या कामाला मला श्निट्गरही नको आणि काव्हाये-कोलही नको. मला इंग्लिश ऑर्गन हवा.

कारण साधं आहे. आठ फुटी डायपेसनचा (इंग्लिश ऑर्गनच्या मुख्य स्टॉपचा) भरदार, न टोचणारा आवाज मंडळीच्या गाण्याखाली आधार देतो. आणि स्वेल बॉक्स असतो, म्हणजे झडपांच्या पेटीत बसवलेला विभाग. पायाने झडपा उघडत नेल्या की शेवटच्या कडव्याला आवाज हळूहळू फुलतो. सॉल्झबरी कॅथीड्रलचा, ऑर्गनकार विलिसने १८७७ मध्ये बांधलेला ऑर्गन ऐका म्हणजे कळेल. उत्तर जर्मनीच्या जुन्या वाद्यांत स्वेल नसतो, मिक्स्चर (एका पट्टीवर अनेक उंच सूर एकदम देणारे स्टॉप) तीक्ष्ण असतात, आणि साध्या गीताखाली ते लावले तर माणसं गायची थांबतात.

कोरडं की ओलं (घुमारासकट), यात मी दादांकडे झुकतो. कडव्याच्या शेवटी मंडळी श्वास कधी घेणार हे मला आधीच हातात बसवायचं असतं, आणि आमचं चर्च काही कॅथीड्रल नाही.

पण पैसे खर्च करण्याआधी एक ऐका. पिओत्र ग्राबोव्स्की यांनी ऑस्ट्रियातल्या फ्रीझाखच्या ऑर्गनचा सेट मोफत ठेवलाय. ग्रँडऑर्गही मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. नवख्याने तिथून सुरुवात करावी. हाउप्टवेर्कसाठी कुलूपबंद करून विकलेले सेट ग्रँडऑर्गमध्ये उघडत नाहीत, हे मात्र विकत घेताना आधी तपासा.

खरज

घुमारावर इतकं लिहून झालं आणि स्वरमेळाबद्दल एक ओळ नाही, याचं वाईट वाटलं.

तानपुऱ्यात वाढलेला कान असेल तर सेट निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा: हा ऑर्गन कसा मिळवलाय? टेम्पर्ड, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग करून मिळवलेला, गंधार ४०० सेंटवर असतो (सप्तक म्हणजे १२०० सेंट), तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ वर. पेटीवर हा चढा गंधार आपण सोसतो. ऑर्गनवर सूर हवा तेवढा वेळ अखंड टिकतो, त्यामुळे तो लपत नाही. मधल्या सप्तकात सी आणि ई एकत्र धरा, सेकंदाला साधारण दहा आंदोलनं मोजता येतील. त्यावर मिक्स्चर ओढलं की ती थरथर आणखी उघडी पडते.

सतराव्या शतकात क्वार्टर-कॉमा मीनटोन हा स्वरमेळ चालायचा. त्यातला मेजर थर्ड (सा-ग अंतर) अगदी शुद्ध, आंदोलन शून्य. त्याची किंमत पंचम देतात. ते सगळे किंचित उतरतात आणि सगळी तूट जी शार्प-ई फ्लॅट या एका जोडीवर साचते. ती जोडी इतकी बेसूर की युरोपात तिला लांडगा म्हणतात. पण त्या काळचे संगीतकार फ्रेस्कोबाल्डी आणि स्वेलिंक यांनी लिहिलं ते या मर्यादा जाणूनच. मीनटोनमधल्या लहानशा सेटवर त्यांची एक ओळ वाजवली की कळतं, क्रोमॅटिक उतरंड (अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी उतरणारी ओळ) टेम्पर्डमध्ये सपाट का वाटते. मीनटोनमध्ये अर्धस्वर दोन वेगवेगळ्या मापांचे असतात.

सॉफ्टवेअरमध्ये स्वरमेळ बदलता येतो हे खरं, आणि रियाजाला तेवढं पुरतंही. म्हणून घ्यायच्या आधी एवढं पाहावं की वाद्य कोणत्या शतकाचं आहे आणि आपण काय वाजवणार आहोत. ८५ स्टॉपवर फ्रेस्कोबाल्डी वाजवून काही मिळत नाही.

नादवेडा (ठाणे)

खरज, पूर्ण सहमत. हे मूळ लेखात यायला हवं असं लिहिलंत.

मीराताई, एकाच रिव्हर्बने सगळे विभाग सपाट होतात हा मुद्दा बळकट आहे. पण त्याला उत्तर ओला सेट नाही. हल्ली अनेक सेट दोन-तीन ठिकाणांहून मुद्रित केलेले मिळतात: वादकाजवळचा आवाज, मधल्या सभागृहातला, मागच्या भिंतीकडचा. सरकपट्ट्यांनी मिसळता येतात. रियाजाला जवळचा, रविवारी संध्याकाळी मन भरून वाजवायला लांबचा. मेमरी जास्त लागते, मान्य, पण सेट १६ बिटवर (कमी तपशिलाने) चढवला तर ती बरीच वाचते.

आणि एक सांगा. तुमच्या ओल्या सेटमध्ये माइक कुठे असतो? श्रोत्याच्या बाकावर. वादकाचे कान तिथे कधीच नसतात. कीबोर्डशी बसलेल्याला यंत्राची खटखट आणि नळीचा सुरुवातीचा फुत्कार स्पष्ट ऐकू येतो. घरी वाजवणाऱ्याला तोच हवा.

पायघडी

पेडलबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून थोडंसं. कांच्या ऑर्गनचं पेडल ३० सुरांचं आहे, अमेरिकन पद्धतीचे पेडलबोर्ड ३२ सुरांचे, आणि जुन्या वाद्यांत २७ वरही थांबतं. पेडलबोर्ड मोठा आणि सेट लहान असला की वरच्या पट्ट्या मुक्या राहतात. काही सेटमध्ये निर्माते शेजारच्या नळ्यांवरून ते सूर भरून देतात. रोमँटिक संगीत वाजवायचं असेल तर सेटच्या माहितीत हे आधी वाचा.

मीरा_उत्रेख्त

नादवेडा, वादकाच्या कानाबद्दल बरोबर बोललात. कीबोर्डजवळचा आवाज मलाही आवडतो. पण तुमच्या मिसळण्याच्या सल्ल्याने लोक एका भलत्याच वाटेला लागतील म्हणून सावध करते. अनेक जण एकाच जागेवरून घेतलेला ओला सेट विकत घेतात आणि सॉफ्टवेअरमध्ये सुटलेल्या सुराची शेपटी छाटून त्याला कोरडा म्हणतात. तो कोरडा होत नाही. धरलेल्या सुरात चर्च आधीच भिनलेलं असतं, त्यामुळे पट्टी सोडली की आवाज दार आपटल्यासारखा बंद होतो. तोकड्या सुरांचंही तसंच. पट्टी क्षणभरच दाबली तर घुमार भरायला वेळच मिळत नाही, म्हणून चांगले निर्माते तोकड्या, मध्यम आणि लांब सुरांच्या शेपट्या वेगवेगळ्या मुद्रित करतात. कोरडा असो की ओला, सेट घेताना हे आहे की नाही ते विचाराच.

बाकी माझं मत कायम आहे. फ्रांकच्या १८९० च्या तिसऱ्या कोरालची, ए मायनरची, सुरुवात तुमच्या जवळच्या माइकवर वाजवून पाहा. धावत्या ओळी थांबतात आणि ते रुंद स्वरसमूह येतात, तिथे कोरड्यात किती वेळ थांबणार ते इथे लिहा.

नादवेडा (ठाणे)

वाजवून पाहतो आणि दोन्ही पद्धतींचं मुद्रण टाकतो. पण त्याच दिवशी तुम्ही तुमच्या ओल्या सेटवर ई फ्लॅट ट्रायो सोनाटाची पहिली गत मुद्रित करून टाकायची. मधली ओळ किती जणांना सलग ऐकू आली, ते इथले लोकच सांगतील.