पहिला बँडसॉ घ्यायचाय, जुन्या घराच्या तुळया चिरायच्यात. 10 इंची की 12 इंची?

शेड_फुलेवाडी

राम राम मंडळी. पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं पेठेतलं जुनं घर मागच्या उन्हाळ्यात उतरवलं. वाटणीत पितळी हंडे एकाला, पाटा-वरवंटा दुसऱ्याला, आणि लाकूड माझ्याकडं आलं, म्हणजे बाकी कुणाकडं ठेवायला जागा नव्हती म्हणून आलं. आठ तुळया हायत, साधारण 5 बाय 6 इंच, 7-8 फूट लांब, वर दहाबारा वासे. सगळं सागवान. वरनं चुलीच्या धुरानं काळंकुट्ट, पण एका टोकाला रंधा मारून बघितला तर आत असला मधासारखा रंग की मी तसाच बघत बसलो, चहा गार झाला.

एक तुळई टेम्पोत घालून वखारीत नेली. मालकानं नुसता हात फिरवला, खिळ्यांची भोकं बघितली आणि म्हणाला, चिरून देतो पण पट्टा गेला तर भरपाई तुझी. पट्ट्याची किंमत ऐकली आणि तुळई परत टेम्पोत.

तर आता स्वतःचाच बँडसॉ घ्यावा म्हणतोय. शेड 10 बाय 12 फूट, सिंगल फेज, 16 अँपियरचा एकच पॉइंट. बजेट 40 हजार, लई ओढून 45. पाऊण इंची फळ्या काढायच्यात, आधी आईचा देव्हारा, मग पेट्या, पुढं जमलं तर वळणाच्या पाठीची खुर्ची. ऑनलाइन 8, 9, 10, 12 इंची दिसायलेत. यूट्यूबवर बघावं तर सगळे गोरे लोक 14 इंची घ्या म्हणायलेत. 8 इंची म्हणजे 8 इंच जाड लाकूड जातंय का त्यात? हसू नका.

लाकूडखेळ

दादा हसत नाहीये, मीपण हेच समजून मशीन घेतलं होतं 😄

तो आकडा म्हणजे आतल्या चाकाचा व्यास. बँडसॉत दोन चाकं असतात, एक वर एक खाली, त्यावरून पट्टा फिरतो. लाकूड किती जाड बसणार त्याला कटिंग हाइट बघायची. माझं 10 इंची आहे, त्यात साडेचार इंचाच्या वर काही शिरत नाही. 8-9 इंचीत तर तीन-साडेतीनच. म्हणजे तुमची तुळई आतच जाणार नाही, विषय संपला.

पण छोट्या मशीनला उगाच नावं ठेवू नका कुणी. मी लाकडी खेळणी करते, हत्ती, बैलगाडी, जनावरांची कोडी, लाकूड पाऊण ते दीड इंच. पाव इंची पट्टा लावला की पाऊण इंच त्रिज्येचं वळण सहज घेतो, हत्तीची सोंड एका दमात निघते. अर्धा इंची पट्ट्याला तेच वळण अडीच इंच त्रिज्येचं लागतं. आवाज म्हणाल तर मिक्सरपेक्षा कमी, दुपारी सासूबाई शेजारच्या खोलीत झोपतात.

मात्र एकदा हौसेनं आंब्याची 4 इंच रुंद फळी उभी धरून चिरायला घेतली. मोटर रडायला लागली आणि कट पिंपासारखा आला, वरून बघाल तर रेषेवर, मध्ये पोट सुटलेलं. बारीक पट्टा, त्याला ताण कमी आणि दात जास्त, भुसा बाहेर पडायला जागा नाही, मग पट्टा वाट फुटेल तिकडे जातो. आणि मशीनसोबत आलेला पट्टा पहिल्याच दिवशी खुंटीला टांगा, चांगला पट्टा आणा. माझं निम्मं वर्ष त्या पट्ट्याला मशीनचा दोष समजण्यात गेलं.

पॅटर्नवाले_काका

सागवानी तुळया आणि 10 इंची मशीन म्हणजे नांगराला बोकड जुंपल्यागत झालं.

मी 31 वर्षं पॅटर्न शॉपात काढली, आधी उद्यमनगर, मग शिरोली. कोल्हापूरची फौंड्री सगळ्यांना माहीत, पण बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते ओतायच्या आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा उठवायचा, हे फार जणांना माहीत नसतं. बीड थंड होताना मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर आकसतं, तेवढा नमुना मोठा करायचा. त्यातलं वळणाचं सगळं काम बँडसॉवर. आता सीएनसी आलं, रेझिन आलं, थर्माकोल आलं, आणि आमची मशिनं कोपऱ्यात ताडपत्री पांघरून बसलीत. 18 इंची, 24 इंची, बिडाच्या बॉडीची. बाळ, तू दुकानातलं नवं बघू नकोस, उद्यमनगरात दोन रविवार चालत फिर. भंगारवाल्याच्या आधी पोचलास तर तुझ्या बजेटात 18 इंची मिळंल, आणि त्यात 10-11 इंच उंचीचं लाकूड जातंय.

बघायला जाशील तेव्हा मोटर चालू करायची घाई नको. पट्टा काढायला लाव, वरचं चाक हातानं फिरव आणि सोड. गपचूप फिरत राहिलं पाहिजे, कुरकुर आली तर बेअरिंग, ते स्वस्तात होतंय. मग चाक दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलव. खडखडलं तर शाफ्ट नाहीतर बेअरिंगची बैठक खाल्लीय, किंमत पाड नाहीतर चालू लाग. चाकावरचं रबर नखानं दाबून बघ, भेगा असतील तर बदलावं लागंल, त्यात घाबरण्यासारखं काही न्हाई. घाबरायचं ते बॉडीच्या चिरेला. बीड चिरलं आणि वरनं वेल्डिंग मारून रंग फासलेला असतोय, मानेच्या आतल्या वळणावर बॅटरी मारून बघ. एकदा एकानं मला असलंच मशीन गळ्यात मारलं होतं, पट्ट्याला ताण दिला की मान अशी पुढं झुकायची जशी काय नमस्कार करतीय.

यूट्यूबवरच्या 14 इंचीचं पण सांगतो. ते अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीचं जुनं डिझाइन, पुढं तैवान-चीनवाल्यांनी कॉपी केलं. मूळ उंची 6 इंचच, मध्ये बिडाचा ठोकळा घातला की 12. वाईट न्हाई, पण नवं घ्यायला तुझं बजेट पुरायचं न्हाई.

शेड_फुलेवाडी

काका, लई भारी माहिती. पण ती मशिनं थ्री फेज असणार की. घरात सिंगल फेज, थ्री फेज घ्यायचं तर आमचे बाबा मलाच मीटरला टांगतील. ताई, तुमचा पिंपासारखा कट वाचून माझं जिगसॉचं काम आठवलं.

वाइंडिंग_कोल्हापूर

भावा थ्री फेजला घाबरू नको, मोटर बघ आधी. टर्मिनल बॉक्सचं झाकण काढ, आत सहा टोकं आली असतील तर सोनं, कारण 2-3 एचपीच्या मोटरी आपल्याकडं बहुतेक 415 व्होल्टला स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र गाठून जोडलेल्या असतात, त्याच डेल्टामध्ये, म्हणजे टोकाला टोक लावून त्रिकोणात जोडल्या की 230-240 वर चालतात, मग सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह लावायचा आणि काम झालं. तीनच टोकं बाहेर असतील तर स्टारची गाठ आत बांधलेली असते, ती बाहेर काढून देता येते, मोटर उघडावी लागते एवढंच. ड्राइव्हनं मोटर हळू उचलते, घरातले लाइट डुलकी मारत नाहीत. पण 2 एचपीला तुझा तो 16 अँपियरचा पॉइंट नको, बोर्डापासून वेगळी 4 स्क्वेअर मिलिमीटरची वायर ओढ, स्वतःचा एमसीबी टाक आणि अर्थिंग तपासून घे. अर्थिंग म्हणजे नुसती हिरवी वायर दिसली म्हणजे झालं असं नाही, लई घरात ती भिंतीत जाऊन संपते.

नाहीतर सरळ 2 एचपीची सिंगल फेज, मिनिटाला 1440 फेऱ्यांची मोटर बसव, जुनी विकून टाक. सुरू होताना झटका मोठा घेते, एमसीबी सी टाइपचा लागेल.

सरळ_रेषा

मी उलट सांगतो. नवा 12 इंची घे. सहा इंच उंची देणारे मिळतात, तुझी तुळई 5 इंच उभी ठेवली तर बसते, 1 एचपी असलं तर हळू जाईल पण जाईल. जुनं मशीन घेणाऱ्या तिघांना ओळखतो, तिघंही दर रविवारी मशीनच दुरुस्त करत असतात, लाकूड तसंच पडून. हौस कशाची आहे ते आधी ठरव, लाकडाची का मशीनची.

आणि अजून एक. घरी बँडसॉ आला की गल्लीतले लोक आंब्या-फणसाचे ओंडके घेऊन येतात, एवढं चिरून दे म्हणतात. पैसे घेऊन ओंडके चिरायला बसू नकोस. सॉ मिलला वनखात्याचं लायसन्स लागतं. मोठं मशीन घेणार असशील तर आधी रेंज ऑफिसात जाऊन विचारून ये, आणि घर उतरवल्याचे फोटो, कागद जपून ठेव.

पॅटर्नवाले_काका

सरळ रेषेचं बोलणं खोटं न्हाई. ज्याला पान्हा हातात धरायचा कंटाळा त्यानं नवंच घ्यावं. पण पोरगं 40 हजारात आठ तुळया म्हणतंय, 1 एचपीवर प्रत्येक तुळईतनं पाचसहा फळ्या काढायच्या तर दिवाळी उजाडंल.

आता पट्ट्याचं ऐक. चिरकामाला पाऊण इंची, नसेल तर अर्धा इंची, इंचाला 3 दात. लाकडात एका वेळी कमीत कमी तीन दात पाहिजेत, पण 5 इंच जाडीला 10 दाती पट्टा लावलास तर दातांमधली खोबण भुशानं भरती, मग पट्टा कापत न्हाई, घासतोय. जळका वास आला की समज. सागवानात बारीक वाळूसारखं सिलिका असतंय, धार लवकर जाती, त्यामुळं दोन पट्टे जास्तीचे करून ठेव.

जुन्या मशीनला लांबी कुठं लिहिलेली नसती. दोन्ही चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर दुप्पट कर आणि त्यात व्यास गुणिले 3.14 मिळव. 18 इंची चाक, मध्ये 40 इंच, म्हणजे 80 अधिक साडेछप्पन, एकशे साडेछत्तीस इंच. माप घेताना वरचं चाक ताणाच्या स्क्रूवर मध्यावर आण, अगदी वर नको, पट्टा चढवायला जागा राहू दे. वेग पण तपास. लाकडाला मिनिटाला 3000 फुटाच्या आसपास पाहिजे. 1440 च्या मोटरवर 4 इंची पुली आणि चाकावर 9 इंची असली की बरोबर बसतंय. कुणीतरी पत्रा कापायला पुली बदललेली असती, मग लोक म्हणतात मशीनच मंद हाय.

आणि खिळे. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांध आणि तुळईवरनं वीतभर पुढं वीतभर मागं फिरव, खिळा असला की दोरी वाकडी होती. डोळ्यानं पण दिसतंय, खिळ्याभोवती लाकूड निळंकाळं पडलेलं असतंय. डोकं तुटून आत राहिलेला खिळा पकडीत येत न्हाई, बाजूनं बारीक पटाशीनं खड्डा करून काढ, तो भाग फळीत गेला तर गेला. वखारवाला उगाच भीत नव्हता.

लाकूडखेळ

काका एक राहिलं, काम झालं की पट्ट्याचा ताण सैल करायचा ना? मी विसरते आणि चाकाच्या रबराला खळगा पडतो. आणि दादा पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर मेणबत्ती घासा, जूनमध्ये एका रात्रीत गंज येतो, चहाचा कप ठेवलात तर गोल शिक्का कायमचा.

पॅटर्नवाले_काका

सैल करायचाच. आणि चिठ्ठी लाव पट्टा सैल हाय म्हणून, न्हाईतर सकाळी तसंच चालू करतोय माणूस. वरचा गाइड, म्हणजे पट्टा सरळ धरणारा भाग, लाकडाच्या वर पाव इंचावर आणून ठेवायचा, उगाच हातभर पट्टा उघडा नको. हातमोजे घालायचे न्हाईत.

शेड_फुलेवाडी

अपडेट देतो. तीन रविवार फिरलो. पहिल्या ठिकाणी मान वेल्डिंग केलेली, काकांमुळं दिसली, नायतर रंग एवढा झकास होता की मी ॲडव्हान्स देऊन आलो असतो. दुसऱ्या ठिकाणी 24 इंची, ते बघून मीच पळालो.

तिसरं 18 इंची. गाइड वर करून मोजलं, पावणेअकरा इंच. चाकं गप फिरतात, खालच्या रबराला भेगा, मोटर 2 एचपी, टोकं तीनच. टेबलावर जुनं जाड पाच रुपयाचं नाणं उभं केलं आणि चालू करायला सांगितलं, नाणं उभंच. बंद करताना पट्टा थांबायच्या आधी जरा थरथरलं आणि पडलं, तेवढं चालतंय असं वाटायलंय. 38 म्हणत होते, रबर आणि मोटर दाखवून 31 ला तुटलं. रेंज ऑफिसात पण जाऊन आलो, साहेबांनी घराचे फोटो बघितले आणि कागद जपून ठेवायला सांगितले.

चुंबकाचं काम आधीच सुरू केलंय. एका तुळईतनं 14 खिळे निघाले, घडीव, चौकोनी. आईनं ते घासून डब्यात भरून ठेवलेत, का ते विचारायची हिंमत झाली न्हाई.

एकच घोळ झालाय. शेडचं दार 28 इंची हाय आणि मशीनचा पाया 30. टेम्पो उद्या सकाळी यायलाय. चौकट उखडू का?

पॅटर्नवाले_काका

पाया दुसऱ्या बाजूनं मोजलास का मर्दा?

शेड_फुलेवाडी

22 🙏