अनुभव धागा: मुन्नारला कोण कोण जाऊन आलंय? कोल्हापूरकरांनो, लिवा

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन मुन्नारला जायचा बेत आहे. हॉटेलांची यादी नको, ती नेटवर ढिगानं मिळतीय, तुमच्याबरोबर काय काय घडलं ते टाका.

रंकाळ्यावरचा वारा: आम्ही मिरजेला पूर्णा एक्सप्रेस धरली, एर्नाकुलमपासनं टॅक्सी. 130 किमीच्या आसपास अंतर, म्हटलं आपल्या रत्नागिरीएवढंच की. पण घाट लागला आणि पोरीला गाडी लागली, चीयप्पारा धबधब्यापाशी थांबलो ते बघायला नाही, ओकायला. आलेपाक जवळ ठेवा. आणि 'टी गार्डन व्ह्यू' म्हणून जादा पैसे भरून जी रूम घेतली तिच्या खिडकीतनं शेजारच्याची पाण्याची टाकी दिसत होती. टाकी हिरवी होती, तेवढं खरं.

शिरोळचा ऊसवाला: बायको फोटो काढत बसली आणि मी कडेला उभा राहून चहाची तोड बघत बसलो. कमरेएवढ्या झुडपांत बायका, हातात मोठी कातर, तिला डबाच जोडलेला, कापलेला पाला थेट त्यात, डबा भरला की पाठीवरच्या पोत्यात. ड्रायव्हर म्हणाला हे झुडूप न्हवं, झाड हाय, छाटत राहिले म्हणून एवढंसं, सोडलं तर घरावर जाईल. आपला ऊस वर्षातनं एकदा तुटतोय, हितं थोड्याच दिवसांत परत त्याच झाडाला कोवळा पाला. मग रस्त्याकडंला काटा लागला, पोती वजनाला आणि सगळ्या बायकांची नजर आकड्यावर. मी पण वाकून आकडा बघून घेतला, माझा काय संबंध? सवय!

पांढरा रस्सा: फेब्रुवारी-मार्चला जाणाऱ्यांनी आधी चौकशी करा. त्या दिवसांत नीलगिरी ताहर, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या रानशेळ्या, वितात म्हणून एरविकुलम पार्क बंद असतं. आम्ही गेटवरनं परत, बुकिंगवाल्यानं तोंडातनं शब्द काढला नव्हता. मेमध्ये उघडं असतं, पण गर्दी मजबूत.

ताराराणी चौक: टी म्युझियम चुकवू नका. पानं चिरडून, फाडून, गुंडाळून आपली दाणेदार पावडर कशी होती ते मशीनवर दाखवतात. चवीला बिनदुधाचा चहा दिला, सासूबाई एक घोट घेऊन म्हणाल्या, "चूळ भरायला दिलंय व्हय हे?" ग्रीन टीचा पुडा मात्र त्यांनीच घेतला, अजून फोडलेला नाही.

पंचगंगाकाठ: 12 वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी बघायला 2018 च्या ऑगस्टचं बुकिंग केलेलं, नेमका केरळात महापूर, सगळं कॅन्सल. म्हटलं पुढच्या वर्षी नुसते चहाचे मळे तर बघू, तर 2019 च्या ऑगस्टला आमच्याच जिन्यात पाणी. शेवटी 2022 ला गेलो. तिथं कळलं की 1924 च्या पुरात मुन्नारची अख्खी रेल्वेलाईन वाहून गेली, परत बांधलीच नाही. बायको म्हणाली, बघा, आपला तर फ्रीजच गेला. कुरिंजी आता 2030 ला, येणार असाल तर सांगा, पण ऑगस्ट नको, सप्टेंबर धरू.